सारागोसाहून आलेला रिकामा डबा

१२ नोव्हेंबर, मंगळवार

रिकामा! घासूनपुसून, आरशासारखा लख्ख, आणि आत बघावं तर काही नाही. साखरेचा दाणासुद्धा नाही. भोपाळला कारखान्याच्या पिपलानीतल्या क्वार्टरात जन्म गेला माझा. उजवीकडे बंगाली, डावीकडे पंजाबी, समोर मल्याळी. पण कोणाच्या घरून माझं भांडं कधी रिकामं आलं नाही. काही नसलं घरात तर चिमूटभर साखर टाकतात, दोन मिरच्या टाकतात, कढीपत्त्याची काडी टाकतात. आणि ही आमची स्पेनची विहीणबाई! मी ऑक्टोबरात बेसनाचे लाडू आणि करंज्या भरून पाठवल्या. का, तर माझी एकुलती एक मुलगी तिच्या घरात आहे, सातवा लागला आहे, तिचे डोहाळे कोण पुरवणार? आणि तिने डबा धुऊन परत पाठवला, संपलं.

डबा घेऊन सुयश आला होता. आमच्या जुन्या क्वार्टरांच्या लाइनीतल्या गिरीश भावजींचा मुलगा. केतकी राहते त्याच सारागोसा गावात नोकरीला आहे. त्यानेच नेला होता, आता बहिणीच्या लग्नाला आला तर घेऊन आला. मी विचारलं, "काय रे, असाच दिला?" तर म्हणतो, "काकू, वो क्या हुआ, केतकीताईच म्हणाली की—" मी म्हटलं, केतकी काय म्हणाली ते मला सांगू नको, ती सासूला पाठीशी घालणारच. चहा पी आणि जा, लग्नघर आहे तुमचं.

हे म्हणतात, "अगं, तिकडे पद्धत नसेल." हे म्हणजे विश्वनाथराव, माझे मिस्टर. पद्धत नसेल तर शिकून घ्यावी. आमची मुलगी घेतली ना?

ही डायरी यांना कारखान्यातून निरोपाच्या दिवशी मिळाली होती, कोरीच पडली होती. यांच्यापुढे फार बोलता येत नाही. मागच्या वर्षी हृदयात नळी बसवली आहे. म्हणून इथे लिहिते. सातवीपर्यंतची शाळा आहे माझी, चुकलं तर चुकलं.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

केतकीशी बोलले. पहिलं बाळंतपण माहेरी होतं, हे काय मी नवीन काढलं आहे? म्हणते, "आता विमानात बसू देत नाहीत, आई." बरं, मग मी येते. पासपोर्ट उन्हाळ्यातच काढला आहे. तर म्हणते, "नको. बाबांना एकटं टाकून येशील? त्यांना साधा चहा येत नाही. आणि इथे तू बोलणार कोणाशी? पिलारला स्पॅनिशशिवाय काही येत नाही."

पिलार म्हणजे सासू. नावाने हाक मारते ही सासूला. जावई आल्वारो चांगला आहे, हसतो, पण दिवसभर नोकरीवर.

मी डब्याचं काढणार होते, पण तिचा चेहरा सुजल्यासारखा दिसत होता. विचारलं तर म्हणे झोप झाली नाही. मग फोन ठेवला.

बोलणार कोणाशी म्हणे! मी आर्वीहून भोपाळात आले तेव्हा मला हिंदी तरी कुठे येत होतं? भाजीवाल्याला "पावशेर दे ना गा" म्हटलं तर तो हसला होता. आलं की नाही मग?

ठरवलं. वरच्या मजल्यावरच्या मंजूषाची शमिका घरात बसून कुठल्याशा कंपनीसाठी फोनवर स्पॅनिश बोलत असते. तिला म्हटलं, मला शिकव. विहीणबाईला तिच्याच भाषेत डब्याबद्दल विचारायचं आहे. शमिका म्हणाली, "काकू, मस्त! भांडायला भाषा शिकणारं पहिलंच कोणी बघितलं."

१७ नोव्हेंबर, रविवार

पहिला धडा. पोरगी शिकवते बरी, पण डोकं फिरवते. 'उन' म्हणजे एक, पुरुषाला. 'उना' म्हणजे एक, बाईला. इथवर ठीक. मग म्हणे, एकापेक्षा जास्त असले तर 'उनोस' आणि 'उनास'.

मी म्हटलं, थांब. एकापेक्षा जास्त झाले तर तो एक कुठे राहिला? एकाचे पुष्कळ एक कसे होतील?

"काकू, तो एक नाही आता. आता त्याचा अर्थ 'काही'. उन लिब्रो, एक पुस्तक. उनोस लिब्रोस, काही पुस्तकं."

मग 'काही'ला वेगळा शब्द काढायचा होता. गरिबीचं लक्षण आहे हे. जुन्या सदऱ्याच्या पिशव्या शिवल्यासारखं.

"काकू, आप भी ना! पिशवी चालते ना? मग झालं."

हे दारात उभं राहून ऐकत होते. मध्येच विचारतात, "कुकरला तुरीच्या डाळीच्या शिट्ट्या किती?" स्पॅनिशमध्ये डाळ कुठून आली? रिटायर झाल्यापासून यांचं डोकं थाऱ्यावर नाही. चार, म्हटलं, आणि जा.

१८ नोव्हेंबर, सोमवार

दूध उतू गेलं. मी गॅसवर ठेवलंच नव्हतं.

२० नोव्हेंबर, बुधवार

आज एक गोष्ट पटली. आकड्याच्या आधी उनोस लावला की 'अंदाजे' होतं. उनोस बेइन्ते म्हणजे वीस असतील, एकोणीस असतील. शमिका खूप वेळ समजावत होती, मी म्हटलं, अगं मग वीसेक म्हण ना! आपण नाही का म्हणत, वीसेक माणसं, दहाएक पोळ्या? आपणही तो एक शेपटासारखा मागे लावतोच. तिने टाळीच वाजवली. "काकू, ये तो मुझे भी नहीं सूझा!" मग मला स्पॅनिश लोकांचा जरा कमी राग आला. पुढे लावतात बिचारे, आपण मागे लावतो.

पण विहीणबाईचा राग तसाच आहे. मोठ्यांदा म्हणून बघितलं, माझ्या डब्यात उनोस दुल्सेस तरी टाकायचे होते, चार गोड वस्तू. शमिकाने दोन्ही कानांवर हात ठेवले. म्हणे, दुल्सेस म्हणताना दगड मारल्यासारखं म्हणू नका.

२३ नोव्हेंबर, शनिवार

बिट्टन मार्केटला आठवडी बाजार, म्हणून मंजूषाबरोबर गेले. तिथे शेवग्याचा कोवळा पाला दिसला. इकडे कोण खातं तो? भाजीवाली म्हणाली, "ले जाओ बाई, केरल वाली मैडम नहीं आईं आज." घेतला. बसमध्ये मांडीवर जुडी घेऊन बसले होते, आणि चेचीच डोळ्यांसमोर आल्या.

सरसम्मा चेची. चेची म्हणजे मल्याळीत ताई. समोरच्या क्वार्टरात राहायच्या. मला केतकीच्या वेळी सातवा लागला आणि माहेरून तार आली, आई गेली. आता माहेर कुठलं? भाऊ लहान, वडील अंथरुणावर. मी त्या क्वार्टरात पायरीवर बसले होते, सकाळची पाळी सुरू झाली होती, स्कूटरी निघून गेल्या होत्या, सगळी लाइन सामसूम. चेची समोरून आल्या. त्यांना मराठी येत नव्हतं, मला मल्याळी येत नव्हतं आणि हिंदी दोघींचंही सारखंच, म्हणजे नव्हतंच. त्यांनी माझं तोंड बघितलं, परत गेल्या आणि एक डबा आणून माझ्या मांडीवर ठेवला. गरम होता. शेवग्याच्या पाल्याची भाजी आणि भात. मी रडत रडत सगळा खाल्ला.

केतकी झाल्यावर त्याच आल्या रोज. नारळाचं तेल लावून पाठ चोळायच्या, गूळ आणि कसल्याशा काळ्या औषधाचं चाटण करून आणायच्या. बंगाली बोस वहिनी माशाचं पाणी घेऊन आल्या, मी नको म्हटलं तर रागावल्या. कौर आंटींनी पंजिरी दिली. कोणाचं बोलणं कोणाला कळत नव्हतं. बाळ मात्र सगळ्यांच्या मांडीवर झोपायचं.

पाला आणला खरा, पण चेचींच्या हातचा वास आला नाही. खोबरं कमी पडलं असेल.

२४ नोव्हेंबर, रविवार

शमिकाला कालचं सांगितलं. म्हणाली, मग आज तेच वाक्य. नुसतं 'वेसिनास' म्हटलं तर शेजारणी, कोणत्याही, मोघम. 'उनास वेसिनास' म्हटलं की काही ठराविक शेजारणी. बोलणाऱ्याच्या मनात चेहरे आहेत, फक्त नावं सांगत नाही.

का सांगू नयेत? मी तर सांगेन. सरसम्मा, बोस वहिनी, कौर आंटी.

"काकू, पिलारला ती नावं माहीत नाहीत ना! म्हणून उनास."

उनास वेसिनास मे आयुदारोन. काही शेजारणींनी मला मदत केली. पाठ झालं. भाजी निवडताना म्हणत होते, तर हे म्हणतात, "मेथीच्या काड्या घ्यायच्या की टाकायच्या?" आणि हातात पाटी घेऊन बसलेच शेजारी. आजवर यांनी कधी कोथिंबीर निवडली नाही. मी म्हटलं, तुम्हाला दुकानाबिकानात बसायचं असेल तर जा, माझ्या डोक्यावर बसू नका. हसले नुसते.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

पातेलं जळलं. मी भजनाला गेले होते. विचारलं तर म्हणे चहा ठेवला होता. चहाच्या पातेल्याला भाताची शितं चिकटतात का? डोळे अधू झालेत का यांचे, दाखवायला हवेत.

१ डिसेंबर, रविवार

डबा अजून ओट्यावरच आहे. आत ठेववत नाही आणि वापरवत नाही.

खरं म्हणजे तो माझा नाहीच. चेचींचा आहे. बुडाशी त्यांच्या भाषेतली अक्षरं कोरलेली आहेत, गोल गोल, वेलीसारखी. त्यांचे मिस्टर रिटायर झाले आणि सामान ट्रकात चढलं, तेव्हा शेवटच्या दिवशी त्यांनी तो भरून दिला. उण्णिअप्पम, त्यांचे ते तळलेले गोड अप्पे. मी म्हटलं, चेची, डबा? त्यांनी हाताने सांगितलं, नंतर. नंतर कुठलं? कोट्टयमचा पत्ता दिला होता, एक पत्र परत आलं, मग कोणी लिहिलं नाही. भरून द्यायचा राहूनच गेला.

केतकी तेव्हा सहावीत असेल. दोन दिवस जेवली नाही. तिचा तो डबा फार लाडका. लहान असताना एक खोड होती तिला. चेचींचा डबा आला की मी तो भरून परत द्यायचा म्हणून बाजूला ठेवायची, आणि ही बया माझी पाठ वळली की तो धुऊन, पुसून, त्यांच्या पायरीवर ठेवून यायची. रिकामा. बोलायची नाही, मागायची नाही, आपली येऊन अभ्यासाला बसायची. चेची दार उघडायच्या, रिकामा डबा बघायच्या आणि संध्याकाळपर्यंत उण्णिअप्पम हजर. मी दोन धपाटे घातले होते, म्हटलं रिकामं भांडं देतेस, लाज नाही वाटत? चेची मध्ये पडल्या. तिला पोटाशी धरून मलाच रागावल्या, मल्याळीत. काय बोलल्या देव जाणे.

आता त्या लाइनीत क्वार्टरंही पडायला लागलीत. मागच्या महिन्यात हे स्कूटरवरून नेऊन दाखवणार होते, मी म्हटलं नको. इथे अयोध्या नगरात सगळं आहे, लिफ्ट आहे, पण पायरी नाही कोणाच्या दारात. पायरीवर बसल्याशिवाय शेजार होत नाही.

आणि असा डबा मी विश्वासाने पाठवला, का, तर झाकण घट्ट बसतं म्हणून. तर त्या बाईने असा परत करावा!

४ डिसेंबर, बुधवार

केतकी फोन उचलत नाही. संध्याकाळी आल्वारोने उचलला. "ओक्के, मामा, ओक्के," म्हणाला. मागे कोणीतरी नाक शिंकरत होतं. मी माझं स्पॅनिश काढणार होते, पण ऐनवेळी एक शब्द सुचला नाही. फोन ठेवल्यावर सगळे सुचले.

८ डिसेंबर, रविवार

पाठवला निरोप! शमिकाच्या फोनवर, विहीणबाईला, माझ्या आवाजात. शमिका म्हणत होती थोडं सॉफ्ट करू. मी म्हटलं, एक शब्द कमी करायचा नाही. म्हटलं, पिलारबाई, मी केतकीची आई. माझ्या बाळंतपणात उनास वेसिनास मे आयुदारोन. त्यांच्यातल्या एकीचा तो डबा आहे. आमच्यात डबा रिकामा परत जात नाही. उनोस दुल्सेस टाकायचे होते. तुम्ही असं का केलं?

शमिका म्हणाली, उच्चार एकदम सही. यांनी चहा आणून दिला. बरा झाला होता, विचारायचं राहिलं कोणी केला.

९ डिसेंबर, सोमवार

उत्तर आलं. लांबलचक. बाईचा आवाज भाजी विकणाऱ्यासारखा आहे, मला वाटलं होतं बारीक असेल. भराभर बोलत होती, मला अर्थ लागेना, आणि मग मध्येच ऐकू आलं: उनास आल्मेंद्रास. शमिकाने सांगायच्या आधी मी ओरडले, काही! काहीतरी काही!

बदाम. काही बदाम. तिच्या गावच्या झाडाचे.

मग शमिकाने थांबवत थांबवत सांगितलं. पिलार म्हणते: डबा मी रिकामा दिला नाही. मी त्यात बदाम भरले होते, झाकण लावलं होतं. केतकीने ते टेबलावर ओतले. डबा परत धुतला, फडक्याने पुसला, पुसतच राहिली. मी विचारलं हे काय? म्हणाली, हा रिकामाच जायला हवा, माझ्या आईला कळेल. मला वाटलं तुमचा काही रिवाज असेल, म्हणून मी गप्प बसले.

आणि म्हणते: ती तुम्हाला सांगत नाही, तिच्या वडिलांच्या हृदयाला भिते. पण दुपारी न्हाणीघरात नळ सोडून रडते. मी तिला सूप करून देते, पाठ चोळून देते, पण मी तिची आई नाही. बाई, तुम्ही कधी येताय?

मला सुयश आठवला, "केतकीताईच म्हणाली की" म्हणत होता, मी बोलू दिलं नाही त्याला.

स्वयंपाकघरात गेले, डबा उचलला. बुडाची अक्षरं बघितली. माझ्या आईला कळेल म्हणे. काय कळणार होतं मला? महिनाभर ओट्यावर ठेवून त्या डब्याशी भांडत होते मी. चेचींना एका संध्याकाळीच कळायचं.

गधडी. तोंडाने मागता येत नाही. तेव्हाही येत नव्हतं.

१० डिसेंबर, मंगळवार

सकाळी उठले तर ओट्यावर खिचडी. जरा गिचका झाला होता, पण खिचडीच. शेजारी चहा. हे उभे, हातात पळी, कपाळावर हळद.

म्हणाले, "वरणभात येतो. खिचडी येते. चहा तुला परवा कळला नाही, मीच केला होता. पोह्यांचा लगदा होतो अजून. पोहे मंजूषा वहिनी देतील. गोळ्यांच्या वेळा शमिकाने मोबाइलला लावून दिल्यात."

मी म्हटलं, कधीपासून चाललं आहे हे?

"ती म्हणाली ना, बाबांना चहा येत नाही. तेव्हापासून."

म्हणजे त्या शिट्ट्या, ती मेथी, ते पातेलं. मी डोळे तपासायला नेणार होते. म्हटलं, पातेल्याचं खोटं का बोललात? म्हणाले, "तू आधी मला स्वयंपाकघरातून हाकललं असतंस." हे खरं आहे.

खिचडी खाल्ली. मीठ कमी होतं, सांगितलं. मग केतकीला फोन लावला. उचलला नाही तर निरोप ठेवला. काय बोलले ते लिहून ठेवते, म्हणजे उद्या मी असं म्हटलं नव्हतं म्हणायला नको:

"केतकी, आई बोलते. डबा मिळाला. उशिरा कळला, पण कळला. पिलारबाईंना सांग, ते बदाम ठेवून द्या म्हणावं, मी खाणार आहे. तुझ्या बाबांना खिचडी येते. खोटं वाटत असेल तर फोटो पाठवते, पातेल्याचाही पाठवते. तेव्हा ते कारण आता चालायचं नाही. भाषेचं म्हणशील तर मला वीसेक वाक्यं येतात, आणि चेचींना तर एकही येत नव्हतं. आता ऐक. डिंक आणला आहे, खोबरं किसून ठेवलं आहे, आज शेवग्याचा पालाही वाळवत घातला आहे. डबा भरणार हे नक्की. तो सुयशच्या हाती पाठवू की मी घेऊन येऊ, एवढंच सांग. सुयश सोमवारी निघतो. आल्वारोला विचारू नको, सासूला विचारू नको, बाबांच्या हृदयाला विचारू नको. तुझ्या तोंडाने सांग. रिकामी भांडी पाठवायचं वय गेलं तुझं. रविवारी संध्याकाळपर्यंत मला उत्तर पाहिजे."